कावळा, ऑक्टोपस आणि हॅण्डओव्हर

आज दोन हुशार प्राणी शेजारी ठेवून बघू.

पहिला न्यू कॅलेडोनियन कावळा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिकमधल्या बेटांवर राहतो. आपल्या केवड्याच्या कुळातल्या झाडाचं काटेरी पान चोचीने कापून हत्यार बनवतो आणि फटीतले किडे बाहेर काढतो. ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या कावळीने तर सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली खाऊची छोटी बादली वर ओढली. हे २००२ साली प्रसिद्ध झालं.

दुसरा कोकोनट ऑक्टोपस, इंडोनेशियाच्या समुद्रातला. माणसांनी टाकलेल्या नारळाच्या करवंट्या गोळा करतो, एकात एक ठेवून अंगाखाली धरतो आणि ताठ हातांवर चालत नेतो. चालताना त्यांचा उपयोग शून्य, उलट ओझंच! पण पुढे कामाला येतात: दोन करवंट्या जोडायच्या आणि आत लपून बसायचं. २००९ मध्ये याची शास्त्रीय नोंद झाली.

या दोघांचा सामायिक पूर्वज ५० कोटी वर्षांपेक्षाही जुना. कावळ्याचा कारभार डोक्यातून चालतो. ऑक्टोपसच्या मात्र साधारण दोन-तृतीयांश चेतापेशी हातांमध्येच असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सेंट्रल सर्व्हर, दुसरी डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम. दोन्ही चालतात!

पण मला खरा फरक वेगळाच वाटतो. कावळ्याला हत्यार वापरायची ओढ उपजतच असते, तरी पिल्लू बरेचदा वर्षभर आईबापांजवळ राहतं, त्यांनी टाकलेली हत्यारं उचलून वापरून बघतं. ऑक्टोपसची आई अंडी राखत बसते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत तिचं आयुष्य संपत आलेलं असतं. म्हणजे आई जे शिकली, ते तिच्याबरोबरच गेलं. प्रत्येक पिल्लाची सुरुवात पहिल्या पानापासून.

आमच्या टीममधले एक सीनियर मागच्या वर्षी सोडून गेले. माणूस अफाट हुशार, पण नोट्स एक ओळ नाही. त्यांनी चुटकीसरशी सोडवलेले प्रॉब्लेम आम्ही तीन महिने पुन्हा नव्याने सोडवत होतो. तेव्हा मला ऑक्टोपस कळला. त्या बिचाऱ्याला दुसरा मार्गच नाही, आपल्याला आहे.

तर मंडळी, तुमच्या घरात, ऑफिसात असं काय आहे, जे फक्त एकाच माणसाच्या डोक्यात आहे? या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसा, विचारा, लिहून घ्या. आणि काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटूच पुढच्या भागात!