घराजवळचे झाड : तोडणीचा खर्च किती आणि कशाचा?

(पिंपळगाव राजा, ता. खामगाव, जि. बुलढाणा येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशी, सोयाबीन, तूर यांच्या खर्चाचा हिशेब आपण वहीत मांडतो. बियाण्याची पिशवी केवढ्याला पडली आणि फवारणीला किती मजुरी लागली, हे आपल्याला तोंडपाठ असते. मात्र गोठ्यावर कललेला कडुनिंब किंवा घरामागची जुनी चिंच काढायची वेळ आली की हिशेब राहतो बाजूला. दारात आलेला तोडणारा जो आकडा सांगेल त्यातून पाचशे कमी करायचे आणि काम सोपवून मोकळे व्हायचे, अशी आपली रीत आहे. या एकाच व्यवहारात काही जण हजारो रुपयांचे लाकूड फुकट देतात, तर काही जण स्वस्तात काम करून घेण्याच्या नादात गोठा आणि क्वचित माणूसही गमावतात. म्हणून आज हा खर्च कशाकशाचा असतो ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे झाडाच्या आकारावरून खर्च ठरत नाही. झाड कुठे उभे आहे, त्यावरून तो ठरतो. धुऱ्यावर एकट्या उभ्या असलेल्या सहा फूट घेराच्या बाभळीला खाली यायला मोकळी जागा असते. बुंध्याला मशीन लावले की ती आडवी होते. त्याच्या निम्म्या घेराचे झाड टिनाच्या छपरावर वाकलेले असेल, तर वर चढणारा माणूस लागतो, प्रत्येक फांदीला दोर लागतो आणि तो दोर धरायला खाली दोन माणसे लागतात. फांदी कापून सोडून देता येत नाही, दोराने हळूहळू उतरवावी लागते. बाभळीपेक्षा या लहान झाडाला दुप्पट पैसे पडले, तर त्यात फसवणूक नाही.

एक उदाहरण घेऊ. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, ते बाजारभाव समजू नयेत. आपल्या गावचे दर आपण घालून पाहावेत. छातीइतक्या उंचीवर ६ फूट घेर आणि ८ फूट सरळ खोड असलेला कडुनिंब धरा. वर चढणाऱ्याची रोजी १,२०० रुपये, मशीनवाला मशीन व पेट्रोलसह १,५०० रुपये आणि खालचे मदतनीस प्रत्येकी ५०० रुपये धरू. ट्रॅक्टर-ट्रॉलीची खेप १,००० रुपयांना पडते असे समजू.

हा निंब शेतात असेल तर मशीनवाला आणि दोन मदतनीस एका दिवसात काम उरकतात. मजुरी २,५०० आणि दोन खेपांचे २,०००, मिळून खर्च ४,५०० रुपये. आता लाकूड पाहू. खोड १८ घनफूट भरले आणि घनफुटाला २०० रुपये मिळाले तर ३,६०० रुपये होतात. फांद्यांचे जळतन १० क्विंटल, ३०० रुपयांप्रमाणे ३,००० रुपयांचे. एकूण ६,६०० रुपये. म्हणजे लाकूड नेणाऱ्याने तोडणी आणि वाहतूक करून वर तुम्हालाच २,१०० रुपये द्यायला हवेत. त्यातून त्याची मेहनत आणि नफा वजा करा. तरीसुद्धा ‘झाड फुकट काढून देतो’ असे म्हणणारा तुमच्यावर उपकार करत नाही.

तोच निंब गोठ्यावर असला की चढणारा, मशीनवाला आणि दोन मदतनीस असे चौघे दोन दिवस लागतात. रोजचे ३,७०० रुपये, दोन दिवसांचे ७,४०० आणि वाहतुकीचे २,००० धरून खर्च ९,४०० रुपये झाला. लाकूड तेच, ६,६०० रुपयांचे. आता २,८०० रुपये आणि तोडणाऱ्याचा नफा तुम्ही द्यायचा. झाड तेच असूनही एका जागी पैसे तुमच्याकडे येतात आणि दुसऱ्या जागी तुमच्याकडून जातात.

गोठ्यावरचे हेच काम कोणी लाकूड घेऊन वर फक्त १,५०० रुपयांत करतो म्हणाला, तर त्याला ८,१०० रुपये मिळणार आणि खर्च ९,४०० होणार. तोट्यात कोणी काम करत नाही. मग तो बचत कुठे करील? दोर धरणारा एक माणूस कमी करील, किंवा दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकायला जाईल. फांदी दोराने उतरवण्याऐवजी सोडून देईल. चार ठिकाणी भाव विचारल्यावर सर्वात कमी आकडा सांगणाऱ्याला एवढेच विचारावे, “माणसे किती आणणार आणि दिवस किती लागणार?” उत्तर ऐकले की आकडा खरा की खोटा ते कळते.

लाकडाच्या मोजमापाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपला माणूस इथेच गाफील राहतो. लाकूड व्यापारात चौथाई घेराची पद्धत चालते. खोडाच्या मध्यावर दोरीने घेर मोजून त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचे. घेर इंचात आणि लांबी फुटात असेल तर घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले २,३०४, असे सोपे सूत्र आहे. आपल्या निंबाच्या खोडाचा मधला घेरही ७२ इंच धरला, तर ७२ गुणिले ७२ गुणिले ८, भागिले २,३०४, म्हणजे बरोबर १८ घनफूट. मात्र खोडात प्रत्यक्ष लाकूड असते सुमारे २३ घनफूट. या पद्धतीत गोल लाकडाचा साधारण पाचवा हिस्सा मोजणीतच सुटतो. चिरताना जाणाऱ्या लाकडाची ती सूट आहे आणि व्यापारात ती सर्वमान्य आहे. पण अशी मोजणी झाल्यावर ‘साल वजा, ढोली वजा, वाकडेपणा वजा’ असे पुन्हा सुरू झाले, तर कोणती सूट आधीच दिली आहे हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. मोजणीच्या वेळी दोरी आपल्या हातात ठेवावी आणि घेर मध्यावरच घ्यावा. शेंड्याकडे घेर कमी भरतो.

याच २३ घनफूट ओल्या खोडाचे वजन सहा क्विंटलच्या आसपास जाते. ते कवेलूवर पडले तर काय होईल, ते सांगायला नको.

लाकडाला गिऱ्हाईक कोण, हेही पाहावे. बाभळीचे लाकूड पूर्वी बैलगाडीची चाके आणि औजारांसाठी हातोहात जाई. टायरच्या गाड्या आणि ट्रॅक्टर आल्यापासून ती मागणी कमी झाली. निंबाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून चौकटींना तो चालतो. आंबा खोक्यांना जातो, तर चिंचेचे कठीण लाकूड ठोकळ्यांना आणि पूर्वी तेलघाण्यांना जात असे. सौदा करण्याआधी खामगाव किंवा नांदुऱ्याच्या आरागिरणीवर एक चक्कर मारून भाव विचारावा. त्या चकरेचा खर्च वाया जात नाही.

आता परवानगी. आपल्या शेतातले झाड आपले असले तरी प्रत्येक झाड मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, अंजन, बीजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ आणि खारफुटी ही झाडे आहेत. ती तोडण्यापूर्वी रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. बाभूळ आणि कडुनिंब या अनुसूचीत नाहीत. तरी लाकूड गाडीत भरून बाहेर नेण्यापूर्वी वाहतूक परवाना लागतो का, ते वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. ‘परवानगीचे मी पाहतो’ असे तोडणारा म्हणाला, तर कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड लावू देऊ नये. रस्त्याकडेची झाडे आपल्या शेतालगत असली तरी आपली नव्हेत. सामाईक धुऱ्यावरच्या झाडासाठी शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. लाकडावरून झालेली भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. ज्यांचे घर खामगाव शहरात आहे त्यांना नगर परिषदेची परवानगी लागते, कारण नागरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून संरक्षण मिळाले.

झाडाजवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणला कळवून, लाइनमनकडून पुरवठा बंद करून घेतल्यावरच काम सुरू करावे. डीपीवर जाऊन स्वतः फ्यूज काढायची खोड आपल्या भागात फार आहे. तुम्ही फ्यूज काढता आणि पंप बंद पडला म्हणून दुसरा येऊन तो परत बसवतो. वर फांदीवर बसलेल्या माणसाला हे कळायला मार्ग नसतो. ओल्या फांदीतून आणि ओल्या दोरातून वीज खेळते.

वर चढणारा हा माणूस बहुधा भूमिहीन असतो. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, पण ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही त्याला तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७० आणि बँकेत खाते एवढे असले की पुरते. जून २०२२ पासून तिचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. ठेका देताना प्रत्येक माणसाचा हा विमा आहे का, असे विचारा. नसेल तर काम आठ-पंधरा दिवस पुढे ढकला आणि त्याला बँकेत पाठवून २० रुपये तुम्ही भरा. नऊ हजारांच्या कामात २० रुपये कोणाला जड नाहीत. कमरेला दोर न बांधता चढणाऱ्याला खाली उतरवावे. ‘मला सवय आहे’ हे उत्तर मान्य करू नये. रोजगार हमीच्या साध्या मातीकामाला महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोज ३१२ रुपये दर ठरला होता. चाळीस फुटांवर जीव टांगणाऱ्याने त्याच्या तिप्पट-चौपट मागितले, तर घासाघीस करण्याची ती जागा नव्हे.

पैसे वाचवायचे असतील तर वेळ साधावी. मे महिन्याच्या अखेरीस वादळे सुरू झाली की सर्वांना एकदम आपापली झाडे दिसू लागतात, तोडणारे मिळत नाहीत आणि भाव चढतात. कापूस वेचणीच्या दिवसांत माणूस मिळणे कठीण. गहू-हरभरा निघाल्यावर, मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, हे काम काढावे. तेव्हा हाताला काम कमी असते आणि पाऊस लांब असतो.

पुष्कळदा झाड तोडण्याची गरजच नसते. गोठ्यावर आलेल्या दोन फांद्या काढल्या तरी भागते. पण ‘सगळा शेंडाच छाटून टाका’ असे सांगू नये. असे छाटलेले झाड ठुंठांवरून धुमारे फेकते. हे धुमारे सालीलगत चिकटलेले असतात, जोमाने वाढतात आणि चार-पाच वर्षांनी वाऱ्यात सर्वप्रथम तेच मोडतात. खाली ठुंठ कुजून ढोली पडते. एकदा वाचवलेला खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो. जाड फांदी काढताना खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्यावा. त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी. उरलेले ठुंठ खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापावे. एकदम वरून कापले तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलली जाते. फळझाड असेल तर कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी घ्यावे. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये.

ठरलेले सगळे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कोणते झाड, कोणत्या फांद्या, माणसे किती, लाकूड कोणाचे, जळतन कोणाचे, पाला-काटक्या कोण उचलणार, छपराचे नुकसान झाल्यास भरपाई कोणाची, हे सर्व त्यात यावे. इसार चौथाईपेक्षा जास्त देऊ नये. बाकी रक्कम अंगण मोकळे झाल्यावर द्यावी. जाड लाकूड घेऊन गेलेला माणूस काटक्या उचलायला परत येत नाही, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव असेल.

बुंध्याचा विषय आधीच काढावा, कारण तोडणीच्या भावात तो बहुधा धरलेला नसतो. जेसीबी तासावर येते आणि येण्या-जाण्याचे वेगळे घेते. त्यामुळे गावात दुसऱ्या कोणाचे काम असेल तेव्हाच सोबत बोलवावी. भिंतीपासून दहा फुटांच्या आत बुंधा असेल तर जेसीबी लावू नये, कारण मुळांबरोबर पाया हलतो. अशा ठिकाणी जमिनीलगत कापून वर माती ओढावी. निंबाला, चिंचेला फुटवे येत राहतील, ते वर्षभर कोवळे असतानाच मोडत राहावेत. बुंधा उपटलाच, तर खड्डा पावसाळ्यापूर्वी थराथराने माती दाबून भरावा, नाहीतर पहिल्या पावसात तिथे पाणी साचून ते भिंतीत मुरते.