‘साठी’ आणि ‘म्हणून’



देवाने ही काळी माती कपाशीसाठीच केली, असे आपल्या अकोला-अमरावतीकडे सहज म्हटले जाते. विज्ञानाच्या लोकप्रिय लेखांत त्यातला देव गळतो आणि त्याच्या जागी ‘निसर्ग’ येतो. ‘साठी’ मात्र जागच्या जागी राहते. आज आम्हांला बोलायचे आहे ते या ‘साठी’विषयी.

आपला काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो झिजून जी चिकणमाती झाली ती पावसाची ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तो रस वाहिला तेव्हा पऱ्हाटी वेचणारे हात कोठे होते? पुष्कळ पुढे शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बी निवडून त्या ओलीवर तग धरणारे झाड जवळ केले. १८६१ ते १८६५ च्या यादवीत अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. माती अशी होती म्हणून कापूस आला.

विश्वाविषयीही हाच प्रश्न आहे. निसर्गातली बळे थोडी निराळी असती तर तारे नसते, कार्बन नसता, आपणही नसतो. मग हे सारे आपल्यासाठी जुळवले काय? १९७३ साली क्राकोव येथे, कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या निमित्ताने, ब्रँडन कार्टर यांनी ‘अँथ्रॉपिक तत्त्व’ मांडले. त्याचे सौम्य रूप इतकेच सांगते की, पाहणारा जेथे जगू शकतो तेथूनच तो पाहणार. विश्व कोणी रचले, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि कोणीच रचले नाही, हेही होत नाही. दोन्ही पक्षांचे वक्ते हे सोयीस्करपणे विसरतात.

जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून आपल्याला ठाऊक असलेले फ्रेड हॉइल यांचे उदाहरण घ्या. ताऱ्यांच्या पोटात हेलियमची ३ केंद्रके जुळून कार्बन होतो. जगात दिसतो इतका कार्बन व्हायचा, तर त्याच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असा हिशेब त्यांनी १९५३ साली केला. कॅलिफोर्नियात फाउलर यांच्या प्रयोगशाळेत शोध झाला आणि पातळी सापडली! कार्बन आहे, म्हणून पातळी हवी. असे विधान तपासता येते. ते खोटेही ठरू शकले असते. पुढे हॉइल यांनीच यामागे एखादी अतिबुद्धी दिसते असे लिहिले. मोठ्या माणसाचे मत आम्ही आदराने ऐकतो. परंतु त्या मतावर १९५३ च्या प्रयोगाचा शिक्का मारून ते लोकांपुढे ठेवणे, हा आमच्या मते वाचकाचा विश्वासघात आहे.

यात कोणाला शब्दच्छल वाटेल. त्याने पूर्णेच्या खोऱ्यात, आपल्या खारपाणपट्ट्यात जावे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर तीच काळी कसदार माती, आणि विहिरीला खारे पाणी. माती कपाशीसाठी केली, तर हे पाणी कोणासाठी? ‘साठी’वाला येथे नशिबाकडे बोट दाखवतो. पाणी खारे कशामुळे, हे विचारणारा गाळाचे जाड थर मोजतो, निचरा कोठे तुंबतो ते पाहतो, विहिरीविहिरीतले क्षार तपासतो आणि गोडे पाणी कोणत्या बाजूने नळाने आणावे ते सांगतो.