दारावरचं तोरण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दसरा-दिवाळी जवळ आली की बाजारात तोरणांचे ढीग लागतात. प्लास्टिकची आंब्याची पानं, कापडी झेंडू, मण्यांच्या माळा. एकदा घेतलं की चार-पाच वर्षं बघायला नको. घरातल्या बाईचा वेळ वाचतो, हेही खरं. त्याला नावं ठेवायला मी आलेलो नाही. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सणाची सजावट कशी होत आली आणि तिच्यापायी माणसं एकमेकांच्या दारी कशी जात होती, ते आज सांगावंसं वाटतं.

सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी प्रसिद्ध आहे. होळीसाठी उंच बांबू आणतात. आंब्या-जांभळाच्या पानांनी, साखरेच्या हारांनी तो सजवतात. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला सुकलेल्या भोपळ्यांच्या आणि घुंगरांच्या माळा. रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे तो सजलेला दांडा पेटतो. इतक्या कष्टांची सजावट एका रात्रीची! कुणी हळहळत नाही. पुढच्या साली पुन्हा बांबू आणायचा असतो, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे.

आमच्या तळोद्याच्या गल्लीत हीच गोष्ट लहान प्रमाणात चालायची. आमच्या अंगणात आंब्याचं झाड होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गल्लीतली मुलं यायची. "चाची, पानं घेऊ का?" माझी आई कधी नाही म्हणाली नाही, मात्र तिच्या अटी ठरलेल्या. जून पानं घ्यायची, कोवळ्या पालवीला हात लावायचा नाही आणि फांदी मोडायची नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुलं सोनं द्यायला यायची, बरोबर पुरणपोळीची ताटली. ताटली रिकामी परत पाठवायची नाही, हा आईचा नेम. ईद आली की तिच्यातून शिरखुर्मा जायचा.

तो आंबा एका पावसाळी वादळात पडला. त्याच सुमारास बाजारात प्लास्टिकचं तोरण आलं. पानं मागायला कुणाच्या दारी जायची गरज उरली नाही. भांडण नाही, तंटा नाही, कुणाच्या मनात काही नाही. नुसतं येणं-जाणं कमी झालं. झाडाच्या जागी मी कलम लावलं, ते आता चांगलं वाढलं आहे. पानं मागायला मात्र अजून कुणी आलेलं नाही.

मोहरमचा ताजिया आणि दिवाळीचा आकाशकंदील यांचं सामान एकच असतं, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? बांबूच्या कामट्या, रंगीत पतंगी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ. आमच्याकडं ताजियाचा सांगाडा बांधणारे एक बुजुर्ग दिवाळीत पोरांना चांदणीचा कंदील बांधून देत. कामटी पाण्यात भिजवली की वाकते, मोडत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. खळ करणंही सोपं. थंड पाण्यात पीठ कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, घट्ट आणि चकचकीत झालं की उतरवायचं.

आता झेंडूचं पाहा. झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही. पण हे फूल मूळचं मेक्सिकोकडचं. तिथले लोक नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्या मृत आप्तांच्या आठवणीत याच फुलांनी घर आणि कबरी सजवतात. समुद्र ओलांडून ते आपल्याकडं आलं आणि तोरणात आंब्याच्या पानाशेजारी असं बसलं, की ते बाहेरचं होतं हे कुणाला आठवतही नाही. दारावर सुकलेला झेंडू फेकू नका. पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारखं बी असतं. ते कागदाच्या पुडीत ठेवा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरा. दसऱ्याला घरची फुलं मिळतील.

नैसर्गिक म्हणून ओरबाडून आणायचं, हेही बरं नाही. आपट्याचे हाल आपण पाहतोच. सोनं म्हणून फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात, आणि आपटा मिळाला नाही की कांचन तोडून तोच आपटा म्हणून विकला जातो. आपट्याचं पान लहान आणि जाडसर, कांचनाचं त्याहून मोठं. एक पान दिलं तरी सोनं पोचतं. जमलं तर एक रोप द्या.

राज्यात 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा गणपतीची आरास कशाची करायची, असा अनेकांना प्रश्न पडला. उत्तर शेतात आणि परसात आहे. ज्वारीचे धांडे, कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीचे खुंट, बांबूच्या चटया. दसऱ्याच्या तोरणात बाजरीची चार कणसं किंवा नवापूरकडच्या भाताच्या लोंब्या ओवा. सण झाला की ते तोरण खिडकीबाहेर टांगा. चिमण्या दाणे टिपून नेतील. होळीला पळसाची फुलं रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा. केशरी रंग तयार. फुलं मात्र खाली पडलेलीच वेचा. आमच्या घरी ईदच्या आदल्या रात्री परसातल्या मेंदीचा पाला वाटायचे. वाटण एका पाट्यावर, आणि हात पुढं करणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या मुली.

अशी सजावट दोन दिवसांत कोमेजते, ही तिच्याविषयीची मोठी तक्रार. मला तोच तिचा गुण वाटतो. कोमेजते म्हणून पुन्हा करावी लागते. पुन्हा करायची म्हणून कुणाकडून पानं, कुणाकडून सुईदोरा, कुणाकडून कामट्या मागाव्या लागतात. मागताना दोन शब्द बोलावे लागतात. हल्ली आपल्याला कुणाकडं काही मागायला कमीपणा वाटतो. शेजाऱ्याकडं पानं मागण्यात कसला कमीपणा?

तेव्हा येत्या दसऱ्याला बाजारात जाण्याआधी एकदा गल्लीत नजर टाका. कुणाच्या अंगणात आंबा आहे ते पाहा. दार वाजवा आणि पानं मागा. जून तेवढी घ्या, पालवी राहू द्या. आणि झाड तुमच्याच अंगणात असेल, तर त्या दिवशी फाटक उघडं ठेवा.