चष्मा उतरविण्यापूर्वीं

चष्म्याला कंटाळलेला तरुण नेत्रवैद्याकडे जातो आणि प्रथम खर्च विचारतो. वास्तविक त्यानें आपल्या डोळ्याच्या पडद्याची जाडी विचारावयास हवी.

१९८१ सालीं अमेरिकेंत आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेंत रंगस्वामी श्रीनिवासन् यांनीं मेजवानींतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर अतिनील लेझर-किरण सोडले. शेजारचा भाग न भाजतां स्वच्छ छेद पडला. पुढें हेच किरण डोळ्यावर वापरांत आले. बुबुळावरील पारदर्शक पडदा मध्यभागीं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. किरण तो झिजवून त्याची वक्रता बदलतात. दर नंबरामागें सुमारें १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारांश, जातात. ऐकावयास हें क्षुल्लक; परंतु गेलेला थर पुन्हां भरून येत नाहीं. पडदा मुळांतच पातळ वा वेडावांकडा असेल, तर तो पुढें फुगून दृष्टि बिघडूं शकते. अशा डोळ्याला नकार देणारा वैद्य रोग्याचा हितचिंतकच समजावा.

नंबर वर्षभर स्थिर नसेल तर थांबावें. १८ वर्षांखालीं हा विचारच नको. कित्येकांचे डोळे नंतर कांहीं महिने कोरडे राहतात, रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात.

चाळिशी लागलेल्या गृहस्थाची गोष्ट निराळी. त्याच्या डोळ्यांतील भिंग ताठरलेलें असतें. वरचा पडदा झिजवून तें लवचीक होत नाहीं. उणे २ नंबराचा गृहस्थ आजवर चष्मा काढून वर्तमानपत्र वाचीत असे. दोन्ही डोळे दूरच्या दृष्टीसाठीं सुधारून घेतल्यावर त्याला फलाटावरून येणारी गाडी स्पष्ट दिसते, आणि हातांतलें तिकीट वाचावयास चष्मा शोधावा लागतो.