यंत्राचा क्रमांक आणि कामगाराचा हक्क



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आजचा आमचा विषय वरवर पाहता निराळा आहे. संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यात जो क्रमांक मिळतो तो कसा शोधायचा, आणि प्रोग्रामचा परवाना त्या क्रमांकाला बांधला म्हणजे काय होते, हे आम्ही सांगणार आहोत. हे काम इंजिनिअरांचे, शाळा अर्धवट सुटलेल्या माणसांनी त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, आम्ही यंत्रे शिकलो ती यंत्रांपाशी उभे राहून आणि कायदा शिकलो तो कामगारांच्या तक्रारी लिहिता लिहिता. या दोन्ही वाटा ज्या जागी एकमेकींना मिळतात, तेथेच हा क्रमांक बसला आहे.

आपला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांच्या गावी आज संगणकावर पोट भरणारा एक वर्ग आहे. कोणी लग्नपत्रिका व फ्लेक्स जुळवतो, कोणी घरांचे नकाशे काढतो, कोणी आडतीच्या दुकानात हळदीचे हिशेब लिहितो. त्यांच्या हातात हातोडा नाही, अंगावर घाम दिसत नाही. म्हणून त्यांना कोणी कामगार म्हणत नाही, आणि तेही स्वतःला कामगार म्हणवून घेत नाहीत. आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

प्रथम हा क्रमांक म्हणजे काय ते पाहू. आपल्या गुराढोरांच्या कानात हल्ली पिवळा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडे असतात. बैल या गोठ्यातून त्या गोठ्यात गेला, धनी बदलला, तरी बिल्ला तोच राहतो. नेटवर्क कार्डाचा क्रमांक तसाच आहे. त्याला मॅक ॲड्रेस किंवा फिजिकल ॲड्रेस म्हणतात. तोही बारा अक्षरांचा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला. फरक इतकाच की यात शून्य ते नऊ या आकड्यांबरोबर ए पासून एफ पर्यंतची सहा इंग्रजी अक्षरेही येतात. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही अमेरिकेतली इंजिनिअरांची संस्था कार्ड बनवणाऱ्या कंपनीला नेमून देते. उरलेल्या तीन जोड्या कंपनी आपल्या हिशेबाने एकेका कार्डाला देते. या पद्धतीने सुमारे 281 लाख कोटी क्रमांक होऊ शकतात, म्हणून एकाचा क्रमांक दुसऱ्याला येऊ नये अशी व्यवस्था आहे. आयपी ॲड्रेस म्हणून जो दुसरा क्रमांक असतो तो वेगळा. तो बैल आज कोणत्या दावणीला बांधला आहे ते सांगतो, आणि दावण बदलली की बदलतो.

आता तो शोधायचा कसा? विंडोज असलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडावा. त्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि 'ऑल' लिहावे व एंटर दाबावे. पुष्कळ ओळी येतात, त्यांना भिऊ नये. 'इथरनेट ॲडॅप्टर' या मथळ्याखाली 'फिजिकल ॲड्रेस' अशी ओळ असते. तिच्यापुढचा क्रमांक तारेच्या कार्डाचा. 'वायरलेस' मथळ्याखालचा क्रमांक वायफायचा, आणि तो वेगळा असतो. 'गेटमॅक' एवढा एकच शब्द लिहूनही क्रमांकांची यादी मिळते. लिनक्सवर 'आयपी लिंक' लिहावे. 'लिंक/ईथर' या शब्दांपुढे तो दिसतो.

येथे एक सावधगिरी हवी. एका संगणकात असे दोन, तीन, चारही क्रमांक असू शकतात. वायफायचा क्रमांक विंडोजमधील एका सोयीने वेळोवेळी बदलता येतो, आणि काही क्रमांक तर खऱ्या कार्डाचे नसून प्रोग्रामने निर्माण केलेले असतात. तेव्हा परवान्यासाठी बोर्डावरच्या तारेच्या कार्डाचा क्रमांक द्यावा. ओळखायची एक खूण सांगतो. पहिल्या जोडीतले दुसरे अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो क्रमांक कारखान्यातून आलेला नाही, नंतर कोणीतरी दिलेला आहे असे समजावे.

पूर्वी अक्षरजुळणीचे महागडे प्रोग्राम घेतले की बरोबर एक लहानसे कुलूप मिळे. ते संगणकाच्या मागे लावले तरच प्रोग्राम चाले. हे कुलूप जड वाटे, पण ते काढून दुसऱ्या यंत्राला लावता येई. क्रमांकाचे कुलूप असे काढता येत नाही. प्रोग्राम उघडताना कार्डाचा क्रमांक वाचतो, परवान्याच्या फाइलीतल्या क्रमांकाशी ताडतो, आणि जुळला नाही तर काम बंद करतो.

परिणाम काय होतो पहा. एका तालुक्याच्या गावी वैशाखातल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि छापखान्यातला मुख्य बोर्ड जळाला. नवा बोर्ड दुसऱ्या दिवशी बसला. पण तारेचे कार्ड बोर्डावरच असते, त्यामुळे क्रमांकही नवा आला आणि प्रोग्रामने मालकाला ओळखण्याचे नाकारले. कंपनीकडून नवी फाइल यायला चार दिवस गेले. ऐन लग्नसराईचे ते दिवस! ऑपरेटर चारही दिवस वेळेवर हजर होता. महिनाअखेर त्याचे चार दिवसांचे पैसे कापले गेले. वीज त्याने पाडली नव्हती, परवाना त्याने घेतला नव्हता, आणि जुना क्रमांक कोणाच्याच वहीत नव्हता.

यंत्र बिघडले तर मजुराने उपाशी राहावे काय, हा प्रश्न गिरण्यांच्या काळापासूनचा आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली जी भर पडली, तिने यंत्रबिघाडामुळे काम न दिल्यास मूळ पगार व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई ठरवली. परंतु पन्नासांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना तिने वगळले होते. तीन संगणकांच्या दुकानातल्या ऑपरेटरपर्यंत ती भरपाई पोचलीच नाही. त्याला आधार एकच, संघटना आणि लेखी करार.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. हा क्रमांक बदलता येतो. संगणकाला खोटा क्रमांक सांगायला लावणे फारसे कठीण नाही. मग एखादा मालक एकच परवाना घेतो आणि चार संगणकांना तोच क्रमांक चिकटवतो. एकाच जाळ्यात एकाच क्रमांकाची दोन यंत्रे आली की जोडणी वारंवार तुटते. पण तो त्रास किरकोळ. खरा धोका कायद्याचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आलेले कलम 63 बी असे आहे की, बेकायदा प्रत असल्याचे माहीत असून जो ती संगणकावर वापरील, त्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालयाला सवलत देता येते; दुकानातला वापर धंद्याचाच असतो. हक्क बुडवण्याच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम 65 ए हे 2012 साली आले.

बंधूंनो, 'जो वापरील' हे शब्द नीट लक्षात घ्या. खुर्चीवर कोण बसलेले असते? बचत मालकाच्या गल्ल्यात जाते, आणि जोखीम आठ-दहा हजारांच्या नोकराच्या डोक्यावर येते.

याचा अर्थ प्रोग्रामची चोरी करावी असा कोणी घेऊ नये. प्रोग्राम लिहिणाराही श्रमिकच आहे. त्याचे मोल बुडवणे आणि मजुरी बुडवणे यांत आम्हांला भेद दिसत नाही. ज्याला परवाना परवडत नाही त्याच्यासाठी सरळ वाट आहे. लिबरऑफिस, इंकस्केप, गिंप, स्क्रायबस हे प्रोग्राम विनामूल्य मिळतात, कितीही यंत्रांवर चालतात आणि कोणाचा क्रमांक विचारीत नाहीत. हे गरिबांचे दुय्यम साधन आहे असेही मानू नये. आपल्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची जी वेधशाळा व्हायची आहे, जिच्या सुमारे 2,600 कोटींच्या खर्चाला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली, त्या लायगोच्या जगभरच्या शास्त्रज्ञांनी आपल्या विश्लेषणाचे प्रोग्राम मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले ठेवले आहेत.

तेव्हा आमचे सांगणे चार कलमांत आटोपते. प्रत्येक ऑपरेटरने आपल्या यंत्राचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक आणि तारीख आपल्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. परवाना घेतानाच, यंत्र बदलल्यास तो नव्या क्रमांकावर किती दिवसांत व किती खर्चात मिळेल, हे मालकाने कंपनीकडून लेखी घ्यावे. परवान्याअभावी काम थांबले तर हजर राहिलेल्याचा पगार कापू नये, हे करारात यावे. आणि खोटा क्रमांक लावलेल्या यंत्रावर बसायला सांगितले, तर एकट्याने भांडू नये. संघटनेकडे यावे, आणि चौघांनी मिळून नाही म्हणावे.

गिरणीत हजेरीपटावर कामगाराचा नंबर असे, आणि तो नंबर खरा आहे की नाही हे मालक तपाशी. आता यंत्राचाही नंबर आला आहे. तो खरा आहे की नाही हे कामगाराने तपासावे, कारण त्या नंबराखाली बसून दिवसभर काम करणारा तोच आहे.