मेण : त्याचे गुण व आपला धंदा
(वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपण ओतारी, आपल्या वाडवडिलांच्या कितीतरी मूर्ती प्रथम मेणात घडल्या व मग धातूत उतरल्या. म्हणून आज मेणाविषयीच बोलू.

मेण माशी फुलांतून आणते असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात. मध खाऊन ती त्यांतून मेणाचे पापुद्रे स्रवते व ते चावून मऊ करून पोळे बांधते. हे मेण पाण्यात विरघळत नाही, हाताच्या उबेने मऊ होते आणि सुमारे ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळते.

वनस्पतीही मेण देतात. उसाच्या कांड्यावरचा पांढरा थर मेणाचाच. ब्राझीलमधील कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण ८० अंशांच्या वर वितळते. ते कठीण व चकचकीत असल्याने पॉलिशांत वापरतात. मेंढीच्या लोकरीतील मेण मलमांत पडते. मेणबत्ती मात्र आता बहुधा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची असते.

आता आपल्या धंद्याकडे वळू. मेणाच्या आकृतीवर मातीचे लेप द्यावे, ते वाळवून तापवावे, मेण वाहून गेले की त्या पोकळीत रस ओतावा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात हीच रीत वर्णिली असून मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा हेही सांगितले आहे. त्यामागील शास्त्र सोपे आहे. मेण पाण्याहून किंचित हलके, तर तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. म्हणून १ किलो मेणाच्या जागी तांबे सव्वानऊ किलोंहून थोडे अधिक व चांदी सुमारे ११ किलो लागते. शिवाय थोडी भर हाताशी ठेवावी, म्हणजे ओतताना रस अपुरा पडत नाही.

येथे एक घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे तीर्थरूप मेणात राळ व शेंगदाण्याचे तेल घालीत. उन्हाळ्यात राळ अधिक, हिवाळ्यात तेल अधिक. प्रमाण त्यांच्या बोटांत होते, कागदावर नव्हते. आम्ही शाळेत वर्षानुवर्षे मुलांना द्रवणबिंदू शिकविला. पण घरच्या कढईपाशी बसून वडिलांना ते प्रमाण कधी विचारले नाही. ते निवर्तल्यावर आमच्या पुतण्याने बाजारचे मेण आणून देवीची मूर्ती करावयास घेतली. मेणात पॅराफिनची भेसळ निघाली. वैशाखातल्या दुपारी देवीचा उजवा हात लवून गुडघ्यावर आला. तो मुलगा आमच्याकडे पाहू लागला. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शिक्षकाला याहून मोठी शिक्षा कोणती?

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या घरी अजून जाणता कारागीर आहे, त्यांनी या दिवाळीच्या आत त्याच्याजवळ बसावे. त्याने बोटाने घेतलेले प्रत्येक द्रव्य तराजूत घालावे, ऋतू लिहावा, आकडा लिहावा आणि तो कागद मंडळाकडे धाडावा. भगिनींनीही हे मनावर घ्यावे. कित्येक घरी मेण कढविण्याचे काम त्यांच्याच हातचे असे. आमच्या घरचे प्रमाण गेले, तुमचे राहो.