वाण घराण्याचं, निगा आपली



बैठकीत कुणाच्या सासूबाईंच्या विसरण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." मग मनात प्रश्न येतो, माझ्या लेकरांचं काय? आज त्यावरच बोलू.

वय झालं की केस पिकतात, तसा मेंदूही थोडा आकसतो, अगदी ठणठणीत माणसाचाही. मेंदूत आठवणी जपणारा एक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. तोही वयाबरोबर लहान होतो, पण सगळ्यांचा सारखा नाही. हा फरक काही अंशी आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे पडतो. अशी जनुकं पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचा वाटा चिमूटभर असतो.

एकाचा वाटा मात्र मोठा. त्याचं नाव एपीओई. त्याचे मुख्य प्रकार तीन: दोन, तीन आणि चार नंबर. प्रत्येकाला एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. चार नंबर असेल तर उतारवयात अल्झायमर होण्याची शक्यता वाढते. पण तो असूनही कित्येकांना आजार होत नाही, आणि नसूनही होतो. म्हणून घरात एकाला विसरण्याचा आजार आहे, एवढ्यावरून कुणाच्या मुलीचं स्थळ मोडू नका.

आपल्या द्राक्षबागांचंच बघा. वाण एकच, पण छाटणी, पाणी आणि खत चुकलं की माल वेगळा येतो. वाण महत्त्वाचा आहेच, पण निगाही तेवढीच.

याचा पुरावा आपल्या देशातच आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 च्या सुमारास 45 वर्षांपुढच्या 72 हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. तिला 'लासी' म्हणतात. त्यांतल्या साठीपुढच्या चार हजारांवर लोकांची स्मरणशक्ती नीट तपासली गेली. 2023 मध्ये आलेला अंदाज असा: साठीपुढच्या दर शंभरात सातांहून जास्त जणांना, म्हणजे देशात सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त आणि शिकलेल्यांत कमी.

मैत्रिणींनो, जनुकं काही गाव आणि शहर बघत नाहीत. ज्या मुलीला शाळेतून काढून शेतावर धाडलं, तिच्या मेंदूचं खतपाणीच तोडलं. त्याची किंमत ती म्हातारपणी मोजते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली. ती सगळी दूर केली तर जगातले जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील. कमी शिक्षण, रक्तदाब, साखर, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, प्रदूषित हवा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटेपणा ही त्यांतलीच काही.

मग गटाने काय करायचं? चाळिशीपुढच्या प्रत्येकीचा रक्तदाब आणि साखर आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात तपासून घ्यायची. मोतीबिंदू आणि बहिरेपण 'वयाचं आहे' म्हणून सोडायचं नाही. गाडीवर मागे बसतानाही हेल्मेट घालायचं. अंगठा लावणाऱ्या मैत्रिणीला सही आणि वाचन शिकवायचं. एकट्या पडलेल्या आजींना बैठकीला आणायचं. मुलीची शाळा तुटू द्यायची नाही.

जनुकाच्या महागड्या तपासणीमागे धावू नका. निकाल काही आला तरी करायचं हेच आहे.

आणि घरातलं माणूस ओळखीची वाट विसरायला लागलं, तेच तेच विचारायला लागलं, तर "वेड लागलं" म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. बी-बारा जीवनसत्त्व कमी पडणं, थायरॉईड किंवा उदासी यांमुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वाण बदलणं आपल्या हातात नाही, पण निगा आहे.